मातीचा गुण

२ नोव्हेंबर

वहिनी,

परवा तू फोन आपटलास आणि पाचच मिनिटांनी मला नेमकं उत्तर सुचलं. नेहमीचंच आहे. तू बोलतेस तेव्हा मला सुचत नाही आणि मी बोलते तेव्हा तू ऐकत नाहीस. म्हणून यापुढे पाण्याचं बोलणं पत्राने. आमच्या प्रयोगशाळेची गाडी दर आठवड्याला तुमच्याकडे नाल्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला येतेच. तिच्या बर्फाच्या पेटीत बाटल्यांशेजारी पत्र ठेवीन. डोकं थंड ठेवून वाचायची सोय आपोआप होईल.

आता मध्ये न बोलता ऐक. सगळ्या शहराचं मैलापाणी नाल्याने खाली येतं आणि तुम्ही ते तीस वर्षं फुकट शेताला देता. माझ्या शुद्धीकरण केंद्राचा पहिला टप्पा सुरू झालाय. दुसरा झाला की नाला बंद, आणि तेच पाणी स्वच्छ होऊन नळाने तुमच्या बांधावर. गाळ कुजवून गॅस काढायचा आणि त्या गॅसवर केंद्राची निम्मी वीज भागवायची. नगरपालिकेत मी एवढी वर्षं खुर्ची झिजवली ती याचसाठी.

अडलंय ते कर्जापाशी. बँकेचे साहेब म्हणतात, पाणी स्वच्छ कराल हो, पण विकत कोण घेणार? फेडायचं कशातून? त्यांना गिऱ्हाईक दाखवायचंय. ते गिऱ्हाईक म्हणजे तुझी पाणी संस्था. पंधरा वर्षांचा करार, फेब्रुवारीअखेर सह्या. दर मी तुला लाज वाटेल इतका कमी लावलाय.

आधी खात्री करून घ्या. नाल्याकाठच्या तुझ्या त्या हलक्या तुकड्यात दोन वाफे कर, एकाला नाल्याचं पाणी आणि एकाला माझं. माझं टँकरने पाठवते. दादाला विचार.

धाकटी


९ नोव्हेंबर

धाकटे,

पत्र मिळालं. बर्फात राहून शाई जरा फुटली होती, पण तुझा तोरा शाबूत होता.

दादाला विचारलं. तो म्हणाला, “हं.” तुझा भाऊ वर्षातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक तुझ्या केंद्रावर खर्च झालं असं समज.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा तू परकरात होतीस आणि पाटात कागदाच्या नावा सोडायचीस. आज तू पाणी विकायला निघालीस. छान. पण आमच्या सभासदांना तू ओळखत नाहीस. दोनशे घरं आहेत, आणि दोनशेही घरांना एकच माज आहे तो मातीचा. इतक्या वर्षांत इथे कोणी खताचं पोतं विकत आणलेलं नाही. एकाने हौसेने खताचं दुकान टाकलं होतं, तो आता त्याच गाळ्यात चपला विकतो. गोठ्यातलं शेणसुद्धा आम्ही वीटभट्टीला देतो, शेताला त्याची गरजच पडत नाही. कृषी प्रदर्शनात मक्याचं पहिलं बक्षीस सलग सात वर्षं आमच्याकडे. संस्थेच्या भिंतीवर ढाली लावायला जागा नाही म्हणून घड्याळ काढलं. अशा लोकांना ‘पाणी विकत घ्या’ म्हणायचं म्हणजे मीच अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून न्यावा.

पण तू माझी धाकटी नणंद आणि मी अजून अध्यक्ष. दोन वाफे आखलेत, मका पेरलाय. आमचे खजिनदार, ते मिशीवाले, रोज सकाळी येऊन दोन्ही वाफ्यांकडे असं बघतात की जणू त्यांच्या मुलीला दोन स्थळं आलीत.

टँकर वेळेवर पाठव.

तुझी वहिनी


४ डिसेंबर

वहिनी,

टँकर वेळेवर येतोय ना? मिशांना आवडलं का दुसरं स्थळ?

काल बँकेचे साहेब केंद्र बघायला आले. माणूस नाकावर रुमाल धरूनच गाडीतून उतरला. मी त्यांना शेवटच्या टाकीपाशी नेलं, काचेचा ग्लास बुडवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अर्धा पिऊन दाखवला. आमच्या मुख्य लेखापालांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला! त्यांनी स्वतः नाही प्यायलं, पण ग्लास उजेडात धरून वाचल्यासारखा बघितला.

हे नुसतं गाळून होत नाही हो. त्यासाठी मी एक खास टाकी बसवलीय. तिच्यात मोठमोठे पंखे रात्रंदिवस हवा फुंकतात आणि पाण्यातलं सगळं नत्र हवेत उडून जातं. ती टाकी वीज राक्षसासारखी खाते. लेखापाल तिला ‘सवत’ म्हणतात, कारण त्यांच्या अंदाजपत्रकात तिचंच चालतं. पण निकाल बघ! दुसऱ्या कोणत्या शहराचं मैलापाणी इतकं निर्मळ नसेल.

मका केवढा झाला ते कळव. मला आकडे नकोत, तुझं तोंड कसं झालंय ते सांग.

धाकटी


२८ डिसेंबर

वन्सं,

तुमच्या टँकरवाल्याला मी आज परत पाठवणार होते. तुमचा भाऊ आडवा आला.

तुमच्या वाफ्यातला मका पिवळा पडलाय. खालची पानं टोकापासून वाळत चाललीत. शेजारी, चार पावलांवर, नाल्याचा वाफा काळाभोर हिरवा आणि माझ्या कमरेच्या वर. तुमचा माझ्या गुडघ्याशी. संस्थेचे सभासद सहल काढल्यासारखे बघायला येतात. मिशीवाले काल सगळ्यांसमोर म्हणाले, “अध्यक्षीणबाई, काचेसारखं पाणी काचेच्या ग्लासातच शोभतं. पिकाला कशाला उगाच?” सगळे हसले. मी हसले नाही, कारण तुम्ही माझ्या नणंद आहात. घरी येऊन मात्र हसले नाही ती वेगळ्या कारणाने.

पाण्यात काय घालता तुम्ही? पोहण्याच्या तलावात घालतात तसलं काही? खरं सांगा. ज्या मातीने तीस वर्षं कोणाला नाही म्हटलं नाही, ती तुमचं पाणी पिऊन आजारी पडली. आणि अशा पाण्यासाठी पंधरा वर्षांचा करार! माझ्याच माणसांची सही मी कुठल्या तोंडाने मागू?

वहिनी


३ जानेवारी

वहिनी,

‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ वाचलं तेव्हाच कळलं, पुढलं पत्र बसून वाचायला हवं.

मी टँकरच्या पाण्याची तीनदा तपासणी केली. अहवाल सोबत. औषध नाही, क्षार नाही, जड धातू नाहीत, जंतू नाहीत. थोडक्यात, त्यात काहीही नाही. इतकं निर्दोष पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तेव्हा दोष पाण्यात नाही एवढं मी पैजेवर सांगते.

मग राहिली देखभाल. राग मानू नकोस, पण ज्या वाफ्यावर तुझ्या सभासदांची दृष्ट आणि तुझी नाराजी रोज पडते, त्याची खुरपणी तितक्याच मनाने होते का, जितक्या मनाने दुसऱ्याची? तुला ही योजना मनातून नकोच आहे असं मला पहिल्यापासून वाटतंय. फुकटची सवय सोडवत नाही, हे मी समजू शकते.

सह्यांची मुदत फेब्रुवारीअखेरच आहे. ती पुढे ढकलणं माझ्या हातात नाही. का नाही ते विचारू नकोस.

धाकटी


१९ जानेवारी

वन्सं,

मी विचारलं नाही. मला तुमच्या बाटल्यांनीच सांगितलं.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या मुली रिकाम्या बाटल्या फुटू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतात. मंगळवारी एक कागद सरळ केला तर त्यावर तुमचा फोटो. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून खालचं वाचलं. “शेतकऱ्यांनी नकार दिल्यास सर्व शुद्ध पाणी औष्णिक वीजकेंद्राला; यंत्रं थंड करण्यासाठी मागणी.” म्हणजे नाला तर बंद होणारच. आम्ही सही केली नाही तर नळही नाही. दोनशे घरं कोरडी, आणि हे मला बाटलीच्या लंगोटातून कळावं!

खुरपणीचं म्हणालात. त्या वाफ्याची खुरपणी मी स्वतः करते, बायका लावून नाही. गुडघे दुखतात तरी. तुमच्या शब्दाखातर. आणि ‘फुकटची सवय’ हा शब्द मी जपून ठेवलाय. योग्य वेळी परत करीन.

अहवाल पाठवू नका. स्वतः या, आणि डोळ्यांनी बघा. पिवळा रंग कागदावर नीट उमटत नाही.

वहिनी


२८ जानेवारी

वहिनी,

आले, पाहिलं, आणि निघताना चहासुद्धा न घेता निघाले. तूही आग्रह केला नाहीस. आपल्या घरात हे पहिल्यांदाच.

आधी वीजकेंद्राचं. त्यांचा देकार बंद पाकिटात होता, बोलायची मला मनाई होती. वर्तमानपत्राला कोणी सांगितलं ते मी शोधतेय. पण मनाई नसती तरी मी तुला सांगितलं नसतं. सांगितलं असतं तर तू घाबरून सही केली असतीस आणि दोनशे घरांकडून करवून घेतली असतीस. घाबरून केलेली सही पंधरा वर्षं टिकत नाही. मला हे पाणी तुम्हाला हवं म्हणून घ्यायला हवं होतं. चुकलं असेल माझं. पण लबाडी नव्हती.

आता त्या वाफ्याचं. पिवळा आहे, कबूल. मी मघापासून ‘पिवळसर’ लिहून खोडतेय, पण पिवळाच. मात्र विहिरीच्या बाजूची ती चिंचोळी पट्टी तू पाहिलीस ना? तेच पाणी, तीच माती, त्याच दिवशीचं बी. आणि मका हिरवागार! मी बोट दाखवून म्हणाले, “बघ, माझंच पाणी आहे की नाही?” तर तू पदर खोचून घरात निघून गेलीस. दादा तिथेच उभा होता. मी त्याला विचारलं, “असं का रे?” तो नांगराच्या फाळाकडे बघत म्हणाला, “असेल काहीतरी.”

वहिनी, मी इंजिनिअर आहे. ‘असेल काहीतरी’ मला रात्री झोपू देत नाही. ती पट्टी का हिरवी आहे ते शोध. तुझ्याशिवाय तिथे कोणाला जमणार नाही.

धाकटी


३० जानेवारी

धाकटे,

तुझ्या निरोपाची मी वाट बघितली नाही. तू गेलीस आणि मी गोठ्यात गेले. वीटभट्टीचा गाडीवाला दोनदा बोलला होता, “काकू, हल्ली शेण कमी येतं तुमचं.” मला वाटायचं, गायी म्हाताऱ्या झाल्या.

पट्टीच्या टोकाला, आंब्यामागे, शेणकाल्याची बादली पालथी घातलेली. कडा ओली. मी ती उचलून अंगणात तुझ्या भावासमोर ठेवली.

“हे काय?”

“बादली.”

“कोणाची करणी?”

मग तुझा भाऊ, जो वर्षाला चार वाक्यं बोलतो, त्याने वर्षाचा सगळा साठा एका दमात संपवला. “तू मीटिंगला जायचीस तेव्हा घालायचो. सगळे तिला हसत होते. धाकटी आहे. निदान एक कोपरा तरी बरा दिसावा म्हटलं. सगळा वाफा करणार होतो, तेवढ्यात तीच आली.”

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, कागद पेटेल. अध्यक्षीणबाईंच्या घरात, अध्यक्षीणबाईंच्या प्रयोगात, अध्यक्षीणबाईंचा नवरा भेसळ करतो! आणि बोलता बोलताच माझी जीभ थांबली. हे किती वेळा घडलंय ते तुला ठाऊक आहे.

बादलीभर शेण घातलं की मका हिरवा. म्हणजे पाण्याने विष घातलं नव्हतं. पाण्याने काहीच घातलं नव्हतं. तू लिहिलं होतंस ना, ‘त्यात काहीही नाही’? तेच तर! नाल्याच्या पाण्यात होतं ते. दर पाळीला येत होतं. धाकटे, आम्ही तीस वर्षं ज्याला मातीचा गुण म्हणून छाती फुगवली, तो तुमच्या शहराच्या पोटाचा गुण होता. सात ढाली तुमच्या संडासांना मिळायला हव्या होत्या.

मी ओट्यावर बसले आणि एकटीच हसले. मग हसू आलं नाही.

आता उपाय सोपा आहे. आम्हाला जुना नाला राहू दे. तुझं काचेचं पाणी वीजकेंद्राला पाज.

तुझी वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून, मग लेखापालांच्या टेबलावर आपटलं.

दादाला सांग, नगरपालिकेचे सगळे सल्लागार एका पारड्यात आणि त्याची बादली एका पारड्यात. हलकी, वाळूची जमीन. काही धरून ठेवत नाही. दर पाण्याबरोबर नवं नत्र, म्हणजे पिकाचं मुख्य खाद्य, यायचं म्हणून चाललं होतं. आणि मी? राक्षसाएवढी वीज जाळून, कर्ज मागून, तुम्हाला हवं असलेलं नेमकं तेवढंच हवेत उडवत होते. वर ग्लास उंच धरून मिरवत होते. इतका महाग गाढवपणा नगरपालिकेच्या इतिहासातही झाला नसेल, आणि तो इतिहास तुला माहीत आहे.

पण जुना नाला? नाही. मुळीच नाही. तुमच्या शाळेत दर सहा महिन्यांनी जंताच्या गोळ्या का वाटतात? खुरपणीच्या बायकांच्या हातांना खाज कसली? तुझ्याच हातांना बारा महिने मलम असतं, आणि तू म्हणतेस साबण मानवत नाही. तोही मातीचा गुणच का? नाल्यात नत्राबरोबर काय काय येतं ते मी बाटल्यांतून बघते. तेव्हा नाला बंद म्हणजे बंद. यावर फोन केलास तरी उचलणार नाही.

आता नवा हिशेब ऐक. जंतू मारायचे, गाळ काढायचा, वाळूतून गाळायचं, हे बारा महिने. पण पिकाच्या हंगामात ‘सवत’ बंद! नत्र पाण्यातच राहील आणि पाटाने तुझ्याकडे येईल. पंखे थांबले की इतकी वीज वाचते, की गॅसवर केंद्र तर चालेलच, वर तुमच्या बांधापर्यंत पाणी चढवणारा पंपही चालेल. तुमचं पीक नसतं तेव्हा सवत चालू करायची आणि ते निर्मळ पाणी वीजकेंद्राला द्यायचं. दुसऱ्या टप्प्यात आणखी तीन सवती आणणार होते, त्या रद्द. म्हणजे कर्जही तेवढं लहान.

बँकेच्या साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे बाई, तुम्ही पाणी कमी स्वच्छ करणार, म्हणून मी जास्त विश्वास ठेवायचा?” मी म्हटलं, “साहेब, आधी एक गिऱ्हाईक होतं, तेही रुसलेलं. आता दोन आहेत, आणि खर्च कमी.” त्यांनी चष्मा पुसला. बँकवाल्याने चष्मा पुसला की अर्धं काम झालं समजायचं.

लेखापाल मात्र लेखापालच. म्हणाले, “मॅडम, पाण्यात खत जातंय तर त्याचे वेगळे पैसे लावू.” मी त्यांना म्हटलं, आमच्या वहिनीला भेटा. त्यांनी विषय बदलला.

तुम्हाला जुन्याच दराने पाणी. पण सह्या महिनाअखेर हव्याच. नाहीतर वीजकेंद्र सगळं उचलेल, आणि मला थांबवता येणार नाही. आता पुढलं काम तुझं आहे, आणि ते माझ्याहून अवघड आहे. त्या लोकांना त्यांच्या मातीबद्दल सांगायचंय.

धाकटी


२३ फेब्रुवारी

धाकटे,

काल सभा झाली. घसा बसलाय, म्हणून बरं झालं आपण पत्रं लिहितो.

आधी दादाची बादली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. आरडाओरडा व्हायला हवा होता. झालं उलटंच. सभागृहात इतकी शांतता, की घड्याळ असतं तर ऐकू आलं असतं. मिशीवाले उठले. मिशा थरथरत होत्या.

“म्हणजे आमच्या मातीत काही नाही?”

“माती चांगली आहे. पण जेवायला तिला शहर घालत होतं.”

“आणि बक्षिसं?”

“ती काही परत मागत नाही कोणी.”

मागून कोणीतरी ओरडलं, “हे वीजकेंद्राचं कारस्थान आहे! सही करायची नाही!” टाळ्या पडल्या. मी बघत होते. धाकटे, माणसं पाणी सोडायला तयार होती, पण फुशारकी सोडायला नाही. दोनशे घरं हातची जाणार, तीही एका ढालीपायी.

मग मी मुकाट्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे वर. ते कसे दिसतात ते तू पाहिलंयस. “हाही आपल्याच मातीचा गुण,” मी म्हटलं. “ज्या घरात असे हात नाहीत त्याने सही करू नये.” पहिल्यांदा बायका पुढे आल्या. मिशीवाल्यांच्या सूनबाई त्यांच्यासमोरून गेल्या आणि त्यांच्याच खिशातलं पेन काढून घेतलं. मग पुरुषांना बसून राहणं जड गेलं.

सगळ्यांच्या सह्या झाल्या. मिशीवाल्यांची शेवटची, आणि सगळ्यांत मोठी.

पण एक कलम घालून घेतलंय, त्याशिवाय कागद तुला मिळणार नाही. हंगामात पाण्यात नत्र किमान किती असावं तो आकडा तू भर. त्याखाली गेलं तर नगरपालिकेला दंड. तुम्हा लोकांचा भरवसा नाही, पुन्हा कोणी बँकवाला आला की ग्लास घेऊन धावशील. फुकटची सवय तर आम्ही सोडली. आता मिरवायची सवय तू सोड.

तुझी वहिनी


९ मार्च

वहिनी,

कर्ज मंजूर!

तुझं कलम साहेबांनी तीनदा वाचलं. म्हणाले, “माझ्या नोकरीत नगरपालिकेला घाणीबद्दल दंड झालेला पुष्कळ पाहिला. जास्त स्वच्छता केली म्हणून दंड, हे पहिल्यांदाच.” मग म्हणाले, “जे गिऱ्हाईक पाण्यात काय हवं ते इतकं ठणकावून सांगतं, ते पंधरा वर्षं कुठे जात नाही.” आणि त्या कलमासकट सही केली. लेखापालांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वखर्चाने सगळ्यांना चहा पाजला.

काल दुपारी सवत बंद केली. पंखे थांबल्यावर केंद्रात इतकं शांत वाटलं की पहारेकरी धावत आला, काय बिघडलं म्हणून. काही बिघडलं नाही, म्हटलं.

उद्यापासून टँकरमध्ये नवं पाणी. दादाला सांग, बादली धुऊन ठेव. यापुढे माझं पाणी आपल्या पायावर उभं राहील.

तुझ्या मलमाची डबी पेटीत ठेवलीय. ही शेवटची.

धाकटी


४ एप्रिल

धाकटे,

तुझी वहिनी म्हणाली, तूच लिही.

पाणी आलं. नव्याने पेरलेला मका हिरवा आहे, सगळा वाफा. शेण घातलं नाही. मिशा रोज येतात, बोलत नाहीत, पण येतात.

तुझ्या पाण्यावर माझा विश्वास होताच. शेण आपलं सोबतीला होतं.

दादा